ह्याला वारा कुठून येतो?

मे महिन्यातली दुपार. पिंपळे सौदागरच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधली पश्चिमेची खोली. मी एका लग्नाचा व्हिडिओ रेंडर करत बसलो होतो. संध्याकाळी सातला फाईल द्यायची, नाही दिली तर उरलेले पैसे अडकणार. रेंडर ६० टक्क्यांवर आला आणि रांगायला लागला. मशीन बंद पडलं नव्हतं, नुसतं मंदावलं होतं. प्रोसेसरचं तापमान बघितलं तर ९९ अंश सेल्सिअस.

फाईल रात्री साडेनऊला गेली. ग्राहकाने बोलायचं ते बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन आधीच्यापेक्षा दुप्पट मोठा कूलर घेतला. घरी फोन करून तसं सांगितलं, तर बाबांना वाटलं पोराने खोलीसाठी वाळ्याचा कूलर घेतला. नवा कूलर बसवला, तेच काम पुन्हा चालवलं. तापमान ९७. साडेतीन हजार रुपयांत दोन अंश!

त्या रविवारी बाबा आले. त्यांचं सगळं आयुष्य कासारवाडीतल्या एका स्कूटर गॅरेजात गेलं. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही असं ते स्वतःच म्हणतात. मी टेबलाखालच्या कप्प्याचं दार उघडून त्यांना नवा कूलर दाखवला. त्यांनी वाकून बघितलं, कप्प्याच्या मागच्या फळीवर हात ठेवला आणि विचारलं, "अरे, ह्याला वारा कुठून येतो?"

त्या प्रश्नामुळे मी कॉम्प्युटर थंड ठेवण्याचा इतिहास वाचायला बसलो. वाचल्यावर लक्षात आलं, की गेल्या ७५-८० वर्षांत मोठमोठ्या संस्थांमध्येही प्रत्येक नव्या यंत्राबरोबर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे. यंत्र चाललं की उष्णता होणारच. ती नाहीशी करता येत नाही, दुसरीकडे नेऊन टाकता येते. मग ती कुठे टाकायची, आणि ती नेण्याचा खर्च कोणी करायचा?

चपला बाहेर काढा

१९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याला सुमारे दीडशे किलोवॅट वीज लागायची. व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी. आतली तार तापून लाल झाल्याशिवाय ती कामच करत नाही. म्हणजे त्या काळी उष्णता ही गणनेची अटच होती.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने असंच यंत्र स्वतः बांधलं. ते १९६० साली पूर्ण क्षमतेने सुरू झालं आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मुंबईच्या दमट हवेत अडीच-पावणेतीन हजार तापलेल्या नळ्या! अशा यंत्रासाठी नुसती जागा पुरत नसे, थंड राहील अशी जागा लागे.

पुढे १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे ट्रान्झिस्टरवर चालणारं यंत्र आलं. ट्रान्झिस्टरला तापलेली तार लागत नाही. पण तरीही कॉम्प्युटर म्हटलं की वातानुकूलित खोली हे समीकरण आपल्याकडे पुढची तीस-चाळीस वर्षं टिकलं. तुमच्यापैकी ज्यांचं शिक्षण २०१० च्या आधी झालं असेल त्यांना शाळेतला संगणक कक्ष आठवत असेल. बाहेर चपलांची रांग, दाराला पडदा, आत गारवा. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत पंखा होता आणि संगणक कक्षात एसी. आम्हाला वाटायचं, ही देवघरासारखी काहीतरी सोवळ्याची जागा आहे. खरं तर कारण साधं होतं : धूळ आत जाऊ द्यायची नाही आणि हवा थंड ठेवायची.

या व्यवस्थेत उष्णता बाहेर नेण्याची जबाबदारी खोलीची होती, म्हणजे ती खोली बांधणाऱ्या संस्थेची. यंत्रावर बसणाऱ्या माणसाला तापमान नावाची गोष्ट ठाऊक असण्याचीही गरज नव्हती.

गणेशखिंडीतले ट्रान्सप्युटर

१९७६ साली आलेला क्रे-१ हा त्या काळातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर. वेगासाठी तारा आखूड हव्यात, म्हणून सेमूर क्रे यांनी तो इंग्रजी 'सी' अक्षरासारखा वाकवला आणि सगळे भाग दाटीवाटीने बसवले. दाटी केली की उष्णता कोंडते. तिथे पंख्याचा वारा पुरला नाही. शेवटी फ्रीजमध्ये असायचा तसा फ्रिऑन वायू नळ्यांमधून खेळवावा लागला. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळी सर्किटं फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवूनच ठेवली होती. हा द्रव वीज वाहून नेत नाही, त्यामुळे शॉर्ट सर्किटची भीती नसते.

भारताला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे हवा होता, पण अमेरिकेने तो द्यायला नकार दिला. दिल्लीत हवामानाच्या अंदाजासाठी त्यातलाच एक लहान क्रे मिळाला. या नकारातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं, तेही पुणे विद्यापीठाच्या आवारात. औंधचा पूल ओलांडला की पिंपळे सौदागरहून ते काही फार लांब नाही. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिथे परम ८००० तयार झाला.

परमची रचना क्रेच्या अगदी उलटी होती. एकच अवाढव्य वेगवान प्रोसेसर बनवण्याऐवजी इनमॉस कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिपा एकमेकींना जोडायच्या आणि काम वाटून द्यायचं. परमची कमाल गती एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी गणितं. हा मार्ग निवडण्यामागे मुख्य कारण मिळणारं तंत्रज्ञान आणि त्याची किंमत हे होतं. पण उष्णतेच्या बाजूने पाहिलं तर त्यात आपसूकच एक फायदा आहे. एका चुलीवर मोठा जाळ करण्याऐवजी पुष्कळ पणत्या लावल्या तर प्रत्येकीला गार ठेवायला साधा वारा पुरतो. आज तुमच्या फोनमध्ये आठ कोअर असतात त्यामागचा एक विचार हाच आहे.

उष्णता टेबलावर आली

दरम्यान घरोघरी पोचणाऱ्या कॉम्प्युटरचं काय चाललं होतं? १९८१ च्या आयबीएम पीसीमधल्या ८०८८ प्रोसेसरवर पंखाच काय, धातूचा साधा तुकडाही नव्हता. काळी चौकोनी चिप, बस्स. २८६ आणि ३८६ च्या काळातही साधारण हेच. ४८६ च्या वेगवान आवृत्त्यांवर ॲल्युमिनियमचे हीटसिंक दिसू लागले. १९९३ साली पहिला पेंटियम आला, तो पंधरा वॅटच्या आसपास वीज खायचा आणि त्याच्यावर हीटसिंकबरोबर छोटा पंखाही दिसायला लागला. इथून पुढे प्रोसेसर आणि पंखा यांचं लग्न लागलं ते कायमचं.

पुढची दहा वर्षं शर्यत मेगाहर्ट्झची होती. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली एक हिशोब मांडला होता : ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारं व्होल्टेजही कमी करता येतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी उष्णता वाढत नाही. तीस वर्षं हा हिशोब जमला. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली. २००१ साली इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत सांगितलं, की असंच चालू राहिलं तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमधली उष्णता आधी अणुभट्टीइतकी, मग रॉकेटच्या नळीइतकी आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाइतकी होईल.

त्याच वर्षी एका हार्डवेअर संकेतस्थळाने केलेला प्रयोग गाजला. चालू कॉम्प्युटरवरचा हीटसिंक त्यांनी काढून घेतला. एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र जिवंत राहिला, फक्त खूप हळू चालू लागला. त्याच्या पोटातच तापमान मोजून वेग कमी करण्याची सोय होती. माझं रेंडर ज्या कारणाने रांगत होतं ते हेच. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. प्रोसेसर आजारी नसतो, तो स्वतःचा जीव वाचवत असतो.

पण पेंटियम ४ जिवंत राहिला तरी त्याची जातकुळी टिकली नाही. २००४ साली आलेली त्याची 'प्रेस्कॉट' आवृत्ती शंभर वॅटच्या पुढे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने तिच्या पुढची 'तेजस' ही चिप रद्द केली. हो, नाव तेजसच होतं. एकच कोअर आणखी वेगाने पळवण्याचा मार्ग तिथे संपला आणि अनेक कोअरचा रस्ता धरला गेला. गणेशखिंडीत १९९१ साली काम वाटून देण्याची जी कल्पना राबवली गेली होती, ती आता प्रत्येक टेबलावर आली.

आकुर्डीचा पंखा

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माणसाला फिन्स आणि पंखा यांची ओळख कॉम्प्युटरने करून दिलेली नाही. १९७२ पासून आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकने ती आधीच करून दिली होती.

मोटरसायकलचं इंजिन उघड्यावर असतं. गाडी पळाली की समोरचा वारा सिलिंडरच्या फिन्समधून जातो आणि उष्णता घेऊन जातो. फिन्स म्हणजे धातूच्या पातळ पापड्या. त्यांच्यामुळे हवेला स्पर्श करायला जास्त जागा मिळते. पण स्कूटरचं इंजिन एका बाजूला, पत्र्याच्या डिकीखाली झाकलेलं. तिथे समोरचा वारा पोचतच नाही. म्हणून फ्लायव्हीलवरच, ज्याला गॅरेजात मॅग्नेट म्हणतात, पंख्याची पाती दिलेली असतात. ती हवा ओढतात आणि सिलिंडरवर बसवलेलं पत्र्याचं कव्हर ती हवा फिन्समधूनच जाईल अशी वळवतं. बाबा सांगतात, की ते कव्हर लावायला विसरून कोणी गाडी बाहेर काढली तर पंखा जोरात फिरत असूनही इंजिन तापायचं. पंखा आहे, फिन्स आहेत, पण हवेला वाट नाही.

डेस्कटॉप कॉम्प्युटर हा मोटरसायकलसारखा नाही, स्कूटरसारखा आहे. प्रोसेसर पेटीत कोंडलेला आहे. त्याच्या डोक्यावर कितीही मोठा कूलर ठेवा, पेटीत गार हवा आली नाही आणि गरम हवा बाहेर गेली नाही तर तो कूलर तीच तापलेली हवा घोळवत बसतो. माझी पेटी तर आणखी एका पेटीत, टेबलाच्या कप्प्यात होती.

पुढची पायरीही याच पट्ट्याने पाहिली आहे. २०१२ मध्ये आलेल्या केटीएम ड्यूक २०० च्या पुढच्या भागात रेडिएटर होता, आणि ती गाडी चाकणची. इंजिनाभोवती पाणी फिरवायचं आणि ते रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्याने थंड करायचं. कॉम्प्युटरमध्ये हेच काम करणारे सीलबंद लिक्विड कूलर २००९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांच्या आवाक्यात येऊ लागले. त्यांच्या आधी आल्या हीट पाइप. त्या आजच्या बहुतेक चांगल्या एअर कूलरमध्ये असतात. तांब्याच्या बंद नळीत थोडा द्रव असतो. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव होते आणि आतल्या सच्छिद्र थरातून परत येते. हलणारा भाग एकही नाही. या नळीला हे नाव आणि आजचं रूप दिलं १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी.

खर्च कोणाच्या माथी

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि अनेक आयटी कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या घरी कॉम्प्युटर पोचवले. पवनेकाठचं हे एकेकाळचं शेतीचं गाव आता हिंजवडीला कामाला जाणाऱ्या माणसांचं उपनगर आहे. इथे सोसायटीच्या गेटवर डेस्कटॉप उतरताना आम्ही पाहिले. जी उष्णता ऑफिसचा एसी बाहेर फेकत होता ती आता बेडरूममध्ये आली. शांत बसलेला माणूस शंभर वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. जोमाने काम करणारा माझा कॉम्प्युटर तीनशेच्या घरात जातो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत माझ्याबरोबर आणखी तीन माणसं येऊन बसल्यासारखं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. ती परत आल्यावर एसी लावायचा की विजेचं बिल वाचवायचं, हा विचार आता ज्याचा त्यानेच करायचा असतो.

संस्थांनी मात्र आपला प्रश्न सोडवत नेला. पाषाणच्या आयसरमध्ये २०१९ साली ७९७ टेराफ्लॉपच्या क्षमतेने बसवलेल्या 'परम ब्रह्म' या यंत्रात द्रव थेट प्रोसेसरजवळ नेऊन उष्णता उचलली जाते. पण तीही शेवटी पाषाणच्या हवेतच सोडावी लागते. त्यातून परमचीही सुटका नाही.

मग आपण काय करायचं?

इतिहास वाचून मी जे शिकलो ते थोडक्यात.

तापमान एकटं वाचू नका. एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प अशी मोफत सॉफ्टवेअर आकडा दाखवतात. नेहमीचं जड काम वीस-तीस मिनिटं चालवा, मग तो आकडा लिहा. शेजारी खोलीचं तापमान लिहा आणि वजाबाकी करा. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ३७ अंशांना ८२ च्या आसपास जाणार. कूलर बिघडलेला नाही, ऋतू बदललाय. वजाबाकी वाढली तरच काहीतरी बिघडलंय असं समजा.

९० दिसलं म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर जड कामात ९५ पर्यंत जातील अशाच बेताने बनवल्याचं एएमडीनेच सांगितलं होतं. खरा प्रश्न वेग पडतोय का, हा आहे. तापमानाशेजारी गिगाहर्ट्झचा आकडाही बघा.

खरेदीआधी पेटीचं बाजूचं झाकण काढून तेच काम पुन्हा चालवा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर दोष कूलरचा नाही, हवेच्या वाटेचा आहे. मग पुढच्या जाळीवरची धूळ काढा. पिंपळे सौदागर-वाकड भागात बांधकामं थांबत नाहीत, त्यामुळे तीन महिन्यांत जाळी बुजते. पुढून एक पंखा हवा आत घेणारा आणि मागून एक बाहेर टाकणारा असू द्या. झाकण काढूनही फारसा फरक पडला नाही तर आधी थर्मल पेस्ट बदला. हिरव्या वाटाण्याएवढी पुरते.

एवढं करूनही वजाबाकी मोठीच राहिली तर कूलर घ्या. तीन गोष्टी मोजून जा : तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट, पेटीची रुंदी (उंच कूलरने झाकण बंद होत नाही) आणि रॅमच्या पट्ट्यांची उंची. चार हीट पाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला टॉवर कूलर मधल्या फळीतल्या प्रोसेसरला पुरतो. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो, म्हणून आवाज कमी. लिक्विड कूलर सगळ्यात वरच्या फळीच्या प्रोसेसरसाठी किंवा अरुंद पेटीसाठी. पण त्यात पंप असतो, आणि पंप कधीतरी जातो. कुठलाही कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, हे विकत घेताना लक्षात असू द्या.

माझ्या घरी काय झालं? बाबा जेवायला बसले तेव्हा मी माशांच्या टाकीतला थर्मामीटर टेबलाच्या कप्प्यात ठेवला आणि रेंडर लावला. वीस मिनिटांनी कप्प्यातली हवा ५३ अंश, प्रोसेसर ९७. वजाबाकी ४४. मग पेटी बाहेर काढून खिडकीशेजारी स्टुलावर ठेवली. खोली ३५, प्रोसेसर ७९. वजाबाकी पुन्हा ४४. कूलर पहिल्यापासून त्याचं काम चोख करत होता. मीच त्याला ५३ अंशांच्या भट्टीत बसवलं होतं.

रेंडर एकदाही न अडखळता संपलं. बाबांनी पेटीच्या मागे तळहात धरून बघितला. गरम झोत येत होता. "आता निघतोय," ते म्हणाले. मग खोलीतलं ऊन आणि ती पेटी यांच्याकडे आळीपाळीने बघत त्यांनी पडदा ओढून घेतला आणि खिडकीची दुसरी काच सरकवली.